बासष्ट टक्क्यांचा बुश

सूनबाई दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं की घरी येऊन ती कॉम्प्युटरवर गाड्या दुरुस्त करायची. म्हणजे गेममध्ये. गिऱ्हाइकाची गाडी येणार, खराब पार्ट शोधायचा, काढायचा, नवा बसवायचा, काम पूर्ण. पण एक निळी गाडी तीन दिवस अडून बसली होती. तेरा पार्ट बदलून झाले आणि यादीत चौदाव्याच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह!

शेवटी रविवारी सकाळी तिने सासऱ्यांना हाक मारली. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. लग्नाला दोन वर्षं होऊनही दोघांचं बोलणं "जेवलात का?" आणि "हो" याच्यापुढे सरकलं नव्हतं. सुनेने पहिल्यांदाच काही विचारलं म्हणून सासरे इतके हरखले, की गॅरेजचा जुना शर्ट घालूनच आले. आता इथे नाक कापून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"पाच मिनिटांचं काम. आवाज ऐकव."

"यात आवाज येत नाही बाबा."

"मग गिऱ्हाइकाला फोन लाव. खड्ड्यात वाजते की वळणावर, एवढंच विचार."

"अहो, गिऱ्हाईक खरं नाहीये."

"मग एवढं छळतंय कसं?"

चाकं उतरली. सासरे पडद्याला नाक लावून एकेक पार्ट न्याहाळू लागले. पुढच्या चाकामागच्या रबराच्या बुशापाशी ते जरा जास्तच रेंगाळले, मग म्हणाले, "पुढे." पुढे ब्रेक, स्टिअरिंग, सायलेन्सर, अख्खं इंजिन. पाच मिनिटांचे दोन तास झाले. प्रश्नचिन्ह ढिम्म हललं नाही. हे आहे तरी काय, या विचाराने सूनबाई आंघोळ विसरली.

वैतागून तिने परत त्या बुशावर क्लिक केलं. प्रश्नचिन्ह गायब, यादीत त्या जागी बुशाचं नाव!

"बाबा, हाच की! तुम्ही तर पाहिला होता!"

"पाहिला ना. चांगला आहे तो."

"बासष्ट टक्केच उरलाय. गेम बदलायला सांगतोय."

"बासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास! धडधाकट पार्ट काढून गिऱ्हाइकाला नवा चिकटवायचा? हे पाप मी चाळीस वर्षांत केलं नाही. तू काय, जरा किडला की दात उपटतेस?"

सूनबाईने माऊस बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "नाही. मी म्हणते, भरून देते, टिकेल. ते पेशंट समोरच्या दवाखान्यात जाऊन उपटून येतात."

"मग तू काय करतेस?"

"घरी येऊन गेम खेळते."

सासऱ्यांना एकदम भरून आलं. "नाही बदलायचा," ते म्हणाले. "नाहीच बदलायचा," तीही म्हणाली. निळी गाडी जन्मभर तशीच उभी राहिली तरी चालेल, असं दोघांनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात नवरा केस कापून घरी आला. त्याने पडद्यावर नजर टाकली, पुढे वाकून 'बदला'चं बटण दाबलं. नवा बुश बसला. 'काम पूर्ण!' निळी गाडी भुर्रकन निघून गेली.

"झालं की! एवढ्यासाठी सकाळपासून दोघं बसलायत?"

"तुला कुणी हात लावायला सांगितलं होतं?" दोघं एका सुरात ओरडली. बिचाऱ्याला काय चुकलं ते कळेना. तो आंघोळीला पळाला.

सासऱ्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची सुनेच्या खुर्चीला भिडवली.

"यात गिऱ्हाईक निवडता येतं का गं?"

"येतं की."

"मग एखादं असं बघ, ज्याच्या घरात असा ऊठसूट पार्ट बदलणारा मुलगा नाही."