निम्मी कॉइल

आई गेल्यापासून सरांच्या बाबांनी पलंग धरला होता. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि काही विचारलं तर "हो" किंवा "नको" एवढंच बोलायचे. हल्ली त्यात "थंडी वाजते" याची भर पडली, म्हणून सरांनी हीटर आणला. पण हीटर लावला की घरातले दिवे मिणमिणायचे आणि स्विचबोर्डातून जळका वास यायचा.

"वायरमनला बोलवा," बायको म्हणाली.

"कशाला? साधं गणित आहे."

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. आईच्या आजारात त्यांना डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं. इथे मात्र विषय त्यांचा होता.

त्यांनी मीटर लावला. व्होल्टेज दोनशे तीस, करंट आठ अँपिअर. भागाकार केला, रेझिस्टन्स जेमतेम एकोणतीस ओहम. गुणाकार केला, पॉवर अठराशे वॅटच्या वर.

"या जुन्या वायरिंगला एवढी झेपायची नाही. निम्मी करू. पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. रेझिस्टन्स निम्मा, की पॉवर निम्मी."

"नक्की ना?"

"अगं, दहावीचा धडा आहे."

पकडीने कॉइल मधोमध कापून त्यांनी उरलेला अर्धा तुकडा जोडला आणि बटण दाबलं. कॉइल बघता बघता डोळे दिपतील अशी तापली. घरच्या फ्यूजमध्ये आधीच्या भाडेकरूने जाड तार घालून ठेवली होती, त्यामुळे तो काही उडाला नाही. जिन्याखालच्या मेन बोर्डात मात्र फाट्‌कन आवाज झाला आणि अख्खी इमारत काळोखात बुडाली.

त्या काळोखात सरांच्या डोक्यात उजेड पडला. करंट थोडाच तेवढा राहणार होता? रेझिस्टन्स निम्मा झाल्यावर तो दुप्पट झाला, आणि पॉवरही दुप्पट. याच चुकीसाठी ते दरवर्षी मुलांचे मार्क कापायचे.

मेणबत्ती घेऊन खालची शिंपीणबाई वर आली, पाठोपाठ वरच्या मजल्यावरची नर्स.

"सर, काय केलंत? माझं मशीन अर्ध्या शिवणीत बंद पडलं."

"बघतो, वायरमनला फोन करतो," सर पुटपुटले.

वायरमन सकाळी येतो म्हणाला. तापलेल्या कॉइलमुळे बाबांची खोली तेवढी जरा उबदार होती, म्हणून भांडायला आलेल्या दोघी तिथेच टेकल्या. सर दाराशी खाली मान घालून उभे राहिले.

"आमच्या हिचं मशीन पायाचं होतं," भिंतीकडून आवाज आला. "वीज लागायची नाही त्याला."

बाबा कूस बदलून त्यांच्याकडे वळले.

"अंधारात सुई ओवायची ती," ते म्हणाले. "मला उजेडातसुद्धा जमायचं नाही."

"माझ्या नवऱ्यालाही नाही जमत," शिंपीणबाई म्हणाली. मेणबत्ती संपेपर्यंत दोघी बसल्या.

दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड दुरुस्त केला, बाबांच्या खोलीला नवी वायर ओढली आणि हीटरला अख्खी कॉइल बसवली. संध्याकाळी खोली छान तापली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, थंडी कमी आहे ना आज?"

"हो." मग त्यांनीच विचारलं, "आज लाईट नाही का जाणार?"

सरांनी जिना उतरून शिंपीणबाईची कडी वाजवली. तिने दार किलकिलं करून आधी स्वतःच्या दिव्याकडे पाहिलं.

"आता काय केलंत, सर?"

"काही नाही," सर चाचरत म्हणाले. "लाईट असताना येता येईल का तुम्हाला?"