कुमुदताईंचं पाणी

लग्नाला गेल्यावर लोक आधी नवरा-नवरी बघतात, मग जेवणाच्या टेबलांकडे नजर टाकतात. आमच्या कुमुदताई आधी कारंजं बघायच्या. सिटी सेंटर भागातल्या एका मॅरेज गार्डनमध्ये माझ्या आतेबहिणीचं रिसेप्शन होतं. सगळे फोटोसाठी उभे राहिलेले आणि ताई पैठणीचा पदर खोचून कारंज्याच्या कठड्यावर वाकलेल्या. पर्समधून त्यांनी एक छोटी बाटली काढली, हिरवं शेवाळ त्यात भरलं आणि बूच लावत व्याह्यांना म्हणाल्या, "अभिनंदन! फार सुंदर शेवाळ आहे तुमच्याकडे." व्याही बिचारे धन्यवाद म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

डॉ. कुमुद पारसनीस म्हणजे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख. विद्यार्थ्यांच्या 'एचओडी मॅडम', आणि या हिंदी मुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी घरांतल्या मुलींच्या कुमुदताई. विषय पाण्यातली जीवसृष्टी. "कुमुद म्हणजे कमळ," त्या सांगायच्या, "नाव ठेवलं तेव्हाच घरच्यांनी माझा विषय ठरवून टाकला. पुढे कोणी मला काही विचारलंच नाही."

त्यांच्याकडे पीएचडीसाठी मी मुलाखतीला गेले, तेव्हा सुवर्णपदकाचं प्रमाणपत्र नीट फाइलला लावून नेलं होतं. ताईंनी फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या, "थंडीत पाण्यात उतरशील?" मी हो म्हटलं. "चल मग." आणि जानेवारीच्या धुक्यात मला थेट तिघऱ्याच्या धरणावर घेऊन गेल्या. गुडघाभर पाण्यात माझे दात वाजायला लागले. माझ्याबरोबर आलेला भिंडचा राघवेंद्र काठावरूनच म्हणाला, "मॅडम, पानी बहुत ठंडा है." ताई म्हणाल्या, "तो तुम्हें क्या लगा था, गीज़र लगा होगा?" राघवेंद्र उतरला. दोघांचीही निवड झाली. "पाय ओले करा, मग बोला" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते त्या अक्षरशः वापरायच्या. स्वतःला मात्र पोहता येत नव्हतं. नावेत बसताना नाव चालवणाऱ्याचा दंड असा घट्ट धरायच्या की तो म्हणायचा, "मॅडम, हाथ छोड़ो तो चप्पू चलाऊँ."

दिल्लीहून पाहुणे प्राध्यापक आले की बाकीचे विभाग त्यांना किल्ला दाखवायला न्यायचे. ताई त्यांना फूलबागेजवळच्या नाल्यावर न्यायच्या. "किल्ला कुठे पळून जात नाही," त्या म्हणायच्या. पाहुणे नाकाला रुमाल लावून उभे राहत आणि ताई त्यांना, एवढ्या घाणीतही कोणत्या अळ्या सुखाने नांदतात, ते कौतुकाने दाखवत. शेजारच्यांची मुलं दाखवावीत तसं.

माणसांनाही त्या पाण्यातूनच ओळखायच्या. एका देखण्या, गोड बोलणाऱ्या प्राध्यापकाला त्यांनी 'जलकुंभी', म्हणजे जलपर्णी, असं नाव ठेवलं होतं. "फुलं बघ किती सुरेख. पण पूर्ण तळं झाकून टाकेल, खाली कोणाला श्वास घेऊ देणार नाही." दुसऱ्या एका सरांचं नाव 'कासव' होतं, कारण कामाचं नाव काढलं की त्यांची मान आत जायची.

या दोघांचं एकदा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीवरून असं काही जुंपलं की प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. ताईंनी ना चौकशी केली, ना कोणाला समज दिली. पाण्याचे नमुने आणायला म्हणून दोघांना एकाच नावेत बसवून तिघऱ्याला पाठवून दिलं. "नावेत भांडता येत नाही गं," मला म्हणाल्या, "नाव हलते." नाव लव्हाळ्यांत अडकली, दुपार टळली, दोघांत डबा एकच होता. परत आले तेव्हा दोघांचं एका गोष्टीवर संपूर्ण एकमत झालेलं होतं: या बाईंच्या डोक्यात काहीतरी गडबड आहे. ताईंना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. "चला! एकमत तर झालं." खरंच, त्यानंतर ती खोली दोघं मिळून वापरायला लागले.

पण प्रमुख म्हणून त्यांचा खरा ध्यास एकच होता: आपली पोरं बाहेर गेली पाहिजेत. कुठे शिष्यवृत्ती आहे, कुठल्या तळ्यावर कोण संशोधन करतंय, कुठे एखादी जागा निघाली आहे, याच्यावर त्यांची घारीसारखी नजर असायची. राघवेंद्रला त्यांनी नॉर्वेला धाडलं. मग माझी पाळी आली. स्वित्झर्लंडमधल्या एका सरोवरावर काम करायची संधी होती. माझी निवड झाली आणि आमच्या शिंदे की छावनीतल्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "एवढ्या दूर, मुलगी एकटी? बिलकुल नाही."

दुसऱ्या दिवशी ताई घरी हजर. आधी चहा येऊ दिला. मग म्हणाल्या, "अण्णासाहेब, तुमचे पूर्वज मूळचे कुठले?"

"साताऱ्याकडचे."

"मग इथे कसे?"

"फौजेबरोबर आले," अण्णा ताठ बसत म्हणाले.

"घोड्यावर?"

"म्हणजे काय! घोड्यावरच."

"वाटेत लढाया, आजारपणं, परत यायची खात्री नाही. तरी त्यांच्या आईने जाऊ दिलं. आणि तुमची मुलगी विमानात बसून पाण्यातले किडे बघायला जाणार, तर तुम्ही दार अडवून उभे!"

अण्णा काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मी कालपासून तेच सांगून राहिले आहे, पण इथे ऐकतं कोण?"

मी गेले. निघायच्या आदल्या दिवशी ताईंनी माझ्या हातात स्वतः विणलेले लोकरीचे मोजे ठेवले. "पाय ओले कर सांगितलं म्हणून ओलेच ठेवू नकोस." मी धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला कधी अशी संधी आली नाही का?" त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "आली ना. तेव्हा आई होती, अंथरुणाला खिळलेली. मग आई नव्हती, तर वय होऊन गेलं होतं." आणि पुढची बाटली हातात घेतली.

मी काही वर्षांनी परतले आणि त्याच विभागात शिकवायला लागले. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. सिटी सेंटरमधल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. गेल्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले होते. त्या पोहे करत होत्या. मधेच गॅस बारीक करून त्यांनी नॉर्वेला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"राघवेंद्र, बेटा, एक बात बता. झील ऊपर से जम जाती है, तो मछलियाँ नीचे ज़िंदा कैसे रहती हैं? मैं तो बिलकुल भूल गई."

राघवेंद्र आता तिथे प्राध्यापक आहे. तो अगदी जीव तोडून समजावायला लागला. बर्फ पाण्यापेक्षा हलका कसा, तो वर तरंगतो कसा, खालचं पाणी त्याच्या आडोशाला कसं टिकून राहतं. मग त्याच्या घरासमोरच्या तळ्यावर आला, तिथून मुलीच्या स्केटिंगवर, तिच्या पडलेल्या दातावर. ताई मधे मधे "अच्छा?", "फिर?" एवढंच म्हणत होत्या. पोहे गार झाले.

फोन संपल्यावर मी म्हटलं, "ताई, हे तर तुम्ही आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. असं कसं विसरलात?"

त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नुसतं 'कसा आहेस' विचारलं ना मंजू, तर 'ठीक हूँ मॅडम' म्हणतात आणि ठेवून देतात. काही विचारलं की बोलत राहतात."

मी ते गार पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले.

संध्याकाळी घरी कुकर लावला होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई. एरवी त्या मला फोन करतात तो फक्त रागवायला.

"मंजू, कामात नाहीस ना? ते तुझे पीएचडीचे सूक्ष्म जीव, डोक्यावर चक्र फिरवत असतात बघ, ते कशासाठी गं? काही केल्या आठवेना."

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "ताई, त्याचं असं आहे..." आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.