माणिकअण्णांचा कानडी समुद्र

मला कन्नड येतं, असं मी माणिकअण्णांना सांगितलं. मला कन्नड येत नाही.

मग सांगितलं कशाला, असं कुणी विचारेल. याचं उत्तर माझ्याकडे असतं, तर मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी वाचलो असतो. मी एसटीत कंडक्टर होतो. काही वर्षं बीदरच्या गाडीवर काढली. तिथं माझं कन्नड 'मुंदे होगी', म्हणजे पुढे सरका, इथपर्यंत आलं आणि स्वतः मात्र तिथून पुढे सरकलं नाही. रिटायर होऊन झरीला घरी आलो, तर शेजारच्या माणिकअण्णांनी कुंपणावरून विचारलं, "कंडक्टर, बीदरला व्हता म्हनं. कानडी येतंय का?"

"येतं की. पाण्यासारखं."

"मंग दुपारी या. पिच्चर हाय."

माणिकअण्णा म्हणजे सोयाबीन-तुरीचा शेतकरी. उंच, वाळलेला माणूस, मिशा मात्र ओल्या रानातल्यासारख्या दाट. यांना एकच नाद. कन्नड सिनेमा बघायचा, आणि तोही समुद्राकाठच्या गावातलाच. पुतण्यानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलेलं. सिनेमात बंगळूर दिसलं की अण्णा टीव्ही बंद करायचे. दहा मिनिटांत लाट आली नाही, तर पडद्यालाच दम भरायचे, "समुद्र दाखव, मंग बोल!"

अण्णांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. येलदरीचं धरण पाहिलं होतं. "त्याच्याहून मोठा असंल का?" असं मला विचारायचे. मीही पाहिलेला नव्हता. "थोडा मोठा," असं मी सांगून ठेवलं होतं.

गावाला वाटायचं, अण्णाला येड लागलंय. पण त्यामागचं कारण गावाला ठाऊक होतं आणि अण्णांसमोर ते कुणी काढत नव्हतं. त्यांची एकुलती लेक सुमन पुण्याला दवाखान्यात नर्स होती. तिथल्याच एका कानडी मुलाशी तिनं लग्न केलं आणि त्याच्या गावी, समुद्राकाठी राहायला गेली. अण्णा लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर बोललेही नाहीत. गंगाकाकू परसात जाऊन लेकीशी फोनवर बोलायच्या. तेवढा वेळ अण्णा परसातल्याच एका जास्वंदीला पाणी घालत उभे राहायचे. फोन लांबला की पाणीही लांबायचं. त्या जास्वंदीची मुळं कुजली.

तर मी दुभाषी झालो. खाली इंग्रजी अक्षरं यायची, पण मी पहिला शब्द जुळवेपर्यंत माणसं घर बदलून दुसरीकडे गेलेली असायची. हिंदीत केलेला सिनेमा अण्णांना चालत नसे. "हिंदीत समदे एकाच गळ्यातून वरडतेत," म्हणायचे. तेव्हा मी मनानंच सांगू लागलो. एकदा दोन म्हातारे देवळापुढं तावातावानं बोलत होते. मी म्हणालो, "बांधाची तकरार आहे." पुढच्याच प्रसंगात एकाच्या मुलीचं दुसऱ्याच्या मुलाशी लग्न लागलं.

"मिटली वाटतं तकरार," अण्णा म्हणाले.

"तहसीलदारानं मिटवली."

"तहसीलदार कधी आला?"

"दाखवलं नाही. वेळ वाचवला."

कधीकधी पडद्यावरचा माणूस विनोद करायचा आणि मी तोंड उघडायच्या आतच अण्णा खदखदून हसायचे. मला वाटायचं, काय आपल्या सांगण्याची गोडी! नुसतं सांगणार म्हटलं तरी माणूस हसतो.

अण्णांचं बघणं मोठं न्यायाचं. "तारीफ करायची तिथं करायची," असं म्हणून सुरुवात. माणसं माणसासारखी दिसतात, घामेजलेली, ही तारीफ. घरं खरी, कौलं खरी, कौलावरचं शेवाळ खरं. गावातली भांडणं तर अशी बरोबर, की "आपल्या पारावरून उचलून नेलीत का काय!" ढोल वाजू लागला आणि देवाचं सोंग घेतलेला माणूस नाचायला लागला की अण्णा टोपी काढून मांडीवर ठेवायचे.

मग खोट. "हिरो कामाला कधी जायलाय? नुसता होडीवर बसून बिड्या वढायलाय. ती होडी पान्यात लोट की, बाबा!" दुसरी खोट, सगळे चिडलेले. "इच्यारलं पानी पाह्यजे का, तरी डोळे वटारतेत." तिसरी खोट पावसाची. शेवटची मारामारी आली, की पाऊस आलाच. "एवढ्या पावसात मान्सानं छत्री घ्यावी का कोयता?"

पण या पावसात अण्णांचंच भान सुटायचं. मे महिन्यातली दुपार, बाहेर परभणीचं ऊन भट्टीसारखं पेटलेलं, आणि पडद्यावर ढग गडगडले. अण्णा ओरडले, "अगं, पापड उचल!" काकू खरंच जिन्यावरून धावल्या. मीही धावलो. गच्चीवर पाय भाजून घेत आम्ही दोघांनी पापड गोळा केले, खाली आणले, आणि मग काकूंनी आधी टीव्हीकडं, नंतर माझ्याकडं पाहिलं. "हे येडे हायतच," त्या म्हणाल्या. "तुमी काहून पळालात?"

सिनेमात घरातली सून आली, की मात्र अण्णा पाय खाली सोडून नीट बसायचे. "मागं घ्या. परत दाखवा." मी मागं घ्यायचो. सून काय करते, तर ताटं उचलते. "ती जेवली का?" अण्णा विचारायचे. विहीर घरापासून लांब आहे का, चूल आहे का गॅस, अंथरूण कुठं घालते, सगळं न्याहाळायचे. आणि त्यांची सर्वांत मोठी खोट हीच होती. "सून मधातच गायब करतेत. हिरोचा बदला पुरा व्हतो, देवाचं व्हतं, जमीनदाराचं व्हतं. तिचं काय झालं, ह्याची एकाला बी फिकीर न्हाई."

पंचमी जवळ आली होती. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला माहेराहून एक माणूस जातो, तो मुराळी. बहुतेक भाऊच जातो. सुमनला भाऊ नाही. त्या दुपारच्या सिनेमात एक सून ओट्यावर बसली होती आणि सासू तिला काहीतरी लांबलचक बोलत होती. माझं पोट भरलेलं, अंगात कल्पना खेळत होती. मी म्हणालो, "सासू विचारते, पंचमी आली, तुझ्या माहेरचा मुराळी कुठाय? टाकून दिली का तुला तुझ्या बापानं?"

अण्णांनी टीव्ही बंद केला. समुद्र चालू असताना त्यांनी टीव्ही बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "तुमी या आता," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर चहाला गेलो, तर अण्णा धुतलेलं धोतर आणि कोरी टोपी घालून परभणीच्या गाडीची वाट बघत उभे. शेजारी काकू, आणि काकूंच्या पायाशी ज्वारीचं पीठ, तूरडाळ, आणि फडक्यात बांधलेला पापडांचा डबा.

"कुठं निघालात?"

"समुद्राला," काकू म्हणाल्या. नव्या लुगड्यात त्या काकू वाटतच नव्हत्या, नवरी वाटत होत्या.

"मुराळी म्हून जायलोय," अण्णा म्हणाले. "दुसरं कोन हाय जायला?"

एक म्हातारा माणूस माझ्या थापेवर एवढ्या लांब निघाला होता. तिथं जाऊन तो त्या सासूशी भांडला तर? तेवढ्यात गाडी आली. काकू चढल्या, अण्णांनी पिशव्या आत दिल्या आणि तेही चढून दाराजवळच्या बाकावर बसले. मी पायरीवर चढून दांडा धरला आणि भडाभडा बोललो, "अण्णा, ती सासू असं काही म्हणाली नव्हती. मला कन्नड येत नाही."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"तहसीलदारापासून." अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "जवानीत ऊसतोडीला हमेशा कर्नाटकात जायचो मी. मला येतंय कानडी. ती सासू म्हनली, पोरी, भात निवायलाय, जेवून घे."

"मग मला कशाला बोलवायचात रोज?"

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "सून दिसली की एकट्यानं बघवत न्हाई. वाटतं, आता हिला काय म्हनतेत. घरात तुमच्या काकूला कसं दाखवावं माझं त्वांड? तुमी बडबड करायचा, तेवढाच धीर." मग म्हणाले, "तुमी सांगितलं ते खोटंच. पर इच्यारलं ते बराबर इच्यारलं."

दांडा तसाच धरून मी पायरीवर उभा राहिलो. मागं माणसं खोळंबली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी मी आपला डोळे पुसत उभाच. शेवटी गंगाकाकू अण्णांच्या पलीकडून वाकल्या.

"कंडक्टर, रिटायर झालात न्हवं? मंग उतरा खाली. लेक वाट बघायलीय, आन् तुमी दार अडवून रडायलात."