सातव्या व्हॉल्व्हची उंची

गळती शोधायला आमच्या पाणीखात्यात पूर्वी तीन दिवस लागायचे. मी कॉम्प्युटरवर नकाशा बसवला आणि छातीठोकपणे सांगायला लागलो, आता पाच मिनिटं! परवापर्यंत सांगत होतो.

परवा दुपारी टेकडीवरच्या हॉस्पिटलची लाईन फुटली. बायको तिथेच नर्स आहे. तिचा फोन आला.

"अहो, टाकीत दोन तासांचं पाणी आहे. सहा जण डायलिसिसवर आहेत. काय ते लवकर करा."

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

पंपावरच्या यंत्राने सांगितलं, पंपापासून पाईपच्या लांबीने अठराशे साठ मीटरवर गळती. नकाशावर मी तेवढं अंतर मोजलं आणि खूण फिटरकाकांना पाठवली. अर्ध्या तासाने त्यांचा फोन.

"साहेब, कमरेइतका खड्डा झाला. माती ठणठणीत कोरडी."

मग डोक्यात उजेड पडला. नकाशा सपाट, पाईप मात्र टेकडी चढतो! चढावर लांबी जास्त भरते. उंची न धरता मोजलं, म्हणून आम्ही गळतीच्या पुढे गेलो होतो. मी पाईपवरच्या व्हॉल्व्हच्या उंचीचे आकडे धरून पुन्हा मोजलं. खूण टुणकन बाराशे मीटर मागे, शाळेच्या फाटकात जाऊन बसली.

"काका, शाळेपाशी खणा."

"शाळेपाशी? एवढं खाली?"

"नकाशा सांगतोय."

"बरं बाबा, नकाशा म्हणेल तसं."

तिथेही पाण्याचा थेंब नाही. वर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई काकांना आणि काका मला झापत होते. तेवढ्यात पुन्हा बायको.

"पाऊण तासाचं राहिलंय. डॉक्टर विचारतायत, मशीन बंद करायची का?"

आता मी स्क्रीनवर पाईप आडवा करून, बाजूने बघितला. पाचशे मीटर अंतरापर्यंत बिचारा शहाण्यासारखा चढत होता. सातव्या व्हॉल्व्हला मात्र तो सरळ सहाशे मीटर खाली, समुद्राच्या पातळीला बुडी मारून परत वर आला होता! त्या व्हॉल्व्हची उंची कोणी मोजलीच नव्हती, रकान्यात नुसतं शून्य. या बुडीत बाराशे मीटर फुकट मोजले गेले होते. हे कुठल्या गाढवाने भरलं म्हणून नोंद उघडली.

नोंद माझी होती. मोजणीच्या दिवशी ऊन फार होतं आणि चढ उभा होता.

मी शेजारच्या दोन व्हॉल्व्हवरून अंदाजे उंची घातली. खूण पहिल्या खड्ड्याच्या सत्तर मीटर अलीकडे आली.

"काका, पाया पडतो, हे शेवटचं. कोणीतरी एका व्हॉल्व्हची उंची शून्य भरली होती."

काकांनी पुन्हा कुदळ उचलली. गुडघ्याइतकं खणलं आणि पाणी उसळलं. फुटलेल्या पाईपवर पट्टा आवळायला पंधरा मिनिटं लागली. टाकीत किती उरलंय हे बायकोला विचारायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तिचाच फोन आला, "आलं पाणी. सगळे ठीक आहेत." मी खुर्ची सोडून जमिनीवरच बसलो.

संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढता काढताच सुरू झाली.

"फिटरकाका भेटले होते. कोणीतरी चढायचा कंटाळा केला म्हणे, आणि शून्य टाकून मोकळा झाला. सहा जणांचा जीव टांगणीला! तुमच्याच ऑफिसातला ना तो?"

"हो, आहे एक जण."

"एकदा घरी आणा त्याला. मला बघायचाय."

"आणतो," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेलो.