पाटी दारावरच हवी

मुलांनो, अंबरनाथच्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. एक खाट, एक कपाट, वर सामानाचा माळा आणि उरलेल्या जागेत तीन माणसं. आता तिथे एक घडीची शिडी उघडून ठेवा बघू. नाही ना उघडत? भीमरावांचीही उघडली नाही. पण तुम्ही थांबलात, ते थांबले नाहीत. कारण ते कारखान्याच्या सुरक्षा समितीचे सभासद होते.

समितीने त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, 'सुरक्षित घर' स्पर्धा काढली होती. बक्षीस प्रेशर कुकर. त्यांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी, ओट्यावर त्याची जागाही रिकामी करून ठेवली होती. भीमरावांनी गॅसची नळी बदलली, विळी उंचावर ठेवली. कारखान्याचे साहेब घर पाहायला येण्याआधी दारावर, आतल्या बाजूने उंच, 'सुरक्षा प्रथम' ही पाटी लावली, की झालं.

"पप्पा, खाट बाहेर काढली की शिडी उघडेल," दहा वर्षांची अंजनी म्हणाली.

"साहेब येतील आता, अन् खाट बाहेर? शिडी पोरांचं काम नाय. हात लावायचा नाय."

त्यांनी शिडी मिटलेलीच दाराशेजारच्या भिंतीला टेकवली.

"मिटलेली टेकवू नये, असं तुम्हीच सांगता ना?" भीमराव शिडीचे नियम रोज जेवताना सांगत, त्यामुळे अंजनीला ते पाठ होते.

"ते कारखान्यात. तिथं पडलं की रिपोर्ट लिहावा लागतो."

शिडीचा एक पाय डुगडुगत होता. त्याखाली भीमरावांनी समितीचं पत्रक घडी करून सारलं. पत्रकावर शिडीचेच नियम छापले होते. म्हणजे नियमांचा आधार घेतला नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही.

"धरलीस ना गं?" सगळ्यांत वरच्या पायरीवरून त्यांनी विचारलं.

"धरलीय. ठोका लवकर," चांगुणाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "पाणी आलं." बारवी धरणाचं पाणी चाळीत जेमतेम अर्धा तास यायचं. तेवढा वेळ नवरा शिडीवर असो की आणखी कुठे, हंडा आधी.

"हलू नका, आलेच," म्हणत चांगुणाबाईंनी हंडा उचलला आणि दार ओढून घेतलं.

भीमराव हलले नाहीत. त्यांनी फक्त दाराकडे हात लांबवला. शिडी मात्र उलट दिशेला निघाली. पाटी खाटेवर पडली, शिडी दार आणि खाटेच्या मधे आडवी अडकली, आणि भीमराव माळ्याला लोंबकळून, पाय झाडत, कसेबसे गोधड्यांत जाऊन बसले.

आवाज ऐकून शेजारचा हरिचंद्र खिडकीशी आला.

"जयभीम, भीमराव. माळा साफ करताय काय?"

"दार ढकल आधी."

हरिचंद्रने ढकलून पाहिलं. "नाय हलत. आतून काय लावलंय?"

"शिडी."

"शिडी खाली, मग तुम्ही वर कसे?"

"वहिनीला बोलाव तुझ्या."

"नळावर नंबर लागलाय त्यांचा. आता कशाला येतील?"

इतक्यात जीप थांबली आणि खिडकीत साहेबांचा चेहरा दिसला.

"भीमराव, वर काय करताय?"

"तपासणी, साहेब. माळ्याची मजबुती बघतोय."

"मजबूत आहे, साहेब," हरिचंद्र म्हणाला. "मघापासून बसलेत."

भीमराव खाली वाकून कुजबुजले, "अंजनी, शिडी."

"हात लावायचा नाय म्हणालात."

"लाव, बाई."

अंजनीने आधी खाट मागे ओढली. शिडी दारापासून काढून बाजूला ठेवली. मग आपलं दप्तर दाराजवळच्या खिळ्यावरून उतरवलं, तिथे पाटी अडकवली आणि दार उघडलं. "या साहेब, बसा."

साहेबांनी पाटी पाहिली. "वा, भीमराव. पाटी हाताशी लावलीत. शिडीची गरजच नाही."

"तेच दाखवायचं होतं, साहेब," माळ्यावरून उत्तर आलं.

हरिचंद्रला घेऊन अंजनीने खाट बाहेर काढली. शिडी पुरती उघडली, पायांमधल्या पट्ट्या सरळ होईपर्यंत दाबल्या, हलवून पाहिली.

"पप्पा, शिडीकडे तोंड करून उतरा. घाई नको."

भीमरावांनी एक पाय खाली सोडला, तोच बाहेरून चांगुणाबाईंची हाक आली, "अंजने, कळशी आण, पाणी चाललं."

अंजनीने शिडी दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली.

"जाऊ दे," ती ओरडून म्हणाली, "पप्पा उतरतायत."