समानता कक्षाचा फोन

"आपल्या नगरपालिकेत भेदभाव? अहो, कंदील घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही!" हेडक्लार्क छाती फुगवून म्हणाले, आणि त्याच दिवशी साहेबांनी नवा समानता कक्ष त्यांच्या गळ्यात बांधला.

हेडक्लार्क मोठे उत्साही. तीन दिवसांत त्यांनी वेगळं टेबल मिळवलं, त्यावर नवाकोरा फोन बसवला आणि गावभर पाचशे पोस्टरं चिकटवली: 'भेदभाव झाला? ताबडतोब फोन करा!' मग रोज सकाळी त्या फोनवर फडकं मारायचं आणि निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखं त्याच्याकडे टक लावून बसायचं.

फोन वाजेचना! एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले.

"बघा!" ते टायपिस्टबाईंना म्हणाले. "एक तक्रार नाही. सगळं गाव समान झालं!"

घरचा फोन मात्र सदानकदा एंगेज. येताना भाजी काय आणू, एवढं विचारायचं म्हटलं तरी एंगेज!

"तुझ्या आईला एवढं बोलायचं तरी काय असतं गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्हीच विचारा की!"

विचारतात कसले! सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, लेकीकडे राहायला आलेल्या. त्या नुसत्या खाकरल्या तरी हेडक्लार्क पाठ ताठ करून बसत.

चौथ्या आठवड्यात वरून तपासणीला मॅडम आल्या. मागोमाग घाम पुसत साहेब.

"शून्य तक्रारी?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पोस्टरवरचा नंबर आपल्या मोबाइलवरून फिरवला आणि स्पीकर सुरू केला.

टेबलावरचा फोन ढिम्म! मोबाइलमधून मात्र खणखणीत आवाज आला, "समानता कक्ष. नाव आणि अडचण सांगा. पाल्हाळ नको!"

हेडक्लार्कांच्या पायाखालची जमीन सरकली. सासूबाई! छापखान्यात घाईघाईनं नंबर लिहून देताना वीस वर्षांच्या सवयीनं हातानं घरचाच नंबर लिहिला होता! नोकरी गेली, अब्रू गेली, आणि तोंड लपवायला घरी जावं तर तिथे त्या बसलेल्या!

"मी तपासणी अधिकारी बोलतेय," मॅडम म्हणाल्या.

"बरं झालं, लिहून घ्या. तक्रारी एकेचाळीस, मिटल्या तेहेतीस. एका शिंप्याला ऐकू येत नाही. तुमची माणसं रांगेतला नंबर नुसता ओरडायची, तो बिचारा चार दिवस बसून परत गेला. आता नंबर पाटीवर लिहून दाखवतात. सफाईच्या बायकांना फिल्टरचं पाणी भरू देत नव्हते. त्या स्टोअरकीपरला मी आधी उभं केलं, मग बोलले. बसून बोलत होता! फोनवर कळतं मला!"

"पण हे काम तुम्हाला दिलं कुणी?"

"जावयांनी! न विचारता घरचा नंबर छापला. म्हटलं, अंगावर टाकलंच आहे तर नीट करू."

सगळ्यांच्या नजरा हेडक्लार्कांकडे वळल्या. तेवढ्यात दारातल्या झाडूवाल्या मावशी पुढे झाल्या.

"खरं आहे, मॅडम. अकरा वर्षं घरून बाटली आणत होते. आता इथलंच पाणी पिते. त्या फोनवरच्या बाईंना एकदा बघायचंय मला."

अकरा वर्षं हेडक्लार्कांची खुर्ची त्याच फिल्टरला लागून होती. त्यांनी मान खाली घातली.

"नंबर... चुकून छापला गेला, मॅडम," ते कसंबसं पुटपुटले.

आणि मग मॅडम अशा खो खो हसल्या, की साहेबांनाही नाइलाजानं हसावं लागलं!

"पोस्टरं बदला," त्या म्हणाल्या. "पण आधी या बाईंना विचारा, उद्यापासून इथे येऊन बसतील का. राहिलेल्या आठ तक्रारी घेऊन तुम्ही फिरा. पायी!"

सुटलो! छातीवरचा धोंडा उतरला. पायी काय, हेडक्लार्क रांगतसुद्धा गेले असते! मॅडमची गाडी हलताच त्यांनी घरी फोन लावला.

"आई, नोकरी वाचली! तुमच्यामुळे..."

"नंतर करा. तुमच्याआधी तिघांना परत फोन करायचाय."

"अहो आई, मी बोलतोय! तुमचा जावई!"

"म्हणून तुम्हाला आधी घेऊ? जावईबापू, यालाच भेदभाव म्हणतात!"

आणि फोन ठक्कन बंद!