पहाऱ्यातलं झाड

आपलं नाव ऐकताच गुन्हेगारांच्या पायाखालची जमीन सरकते, असं गुप्तहेर स्वतःबद्दल सांगत. आजवर एकही गुन्हेगार त्यांच्या हाती लागला नव्हता, त्याचं कारणही ते हेच देत. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ चष्म्यांच्या दुकानात कामाला होता आणि उरलेल्या वेळात त्यांचा सहायक म्हणून राबत होता. भिंग दुकानातलंच होतं. ते परत करायचं राहूनच जात होतं.

यावेळचं प्रकरण घरचंच होतं. जाड पानांचं, लाल गुच्छांचं ते झाड सहायकाच्या वडिलांनी वाढवलेलं. ते होते तोवर दर हिवाळ्यात फुलायचं. ते गेल्यावर ताईने, म्हणजे गुप्तहेरांच्या बायकोने, कुंडी आपल्याकडे आणली आणि तेव्हापासून एक कळी म्हणून नाही. आता आई राहायला येणार होती. बाबांचं झाड आपल्याला सांभाळता आलं नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, या काळजीत ताई होती.

कुंडी पहिल्यापासून मागच्या खोलीत होती. त्या खोलीला गुप्तहेर कार्यालय म्हणत. तिच्या खिडकीत रात्रभर दिवा दिसला की गुन्हेगारांना वचक बसतो, असा त्यांचा सिद्धांत होता. दिवा जागा राही आणि गुप्तहेर पलीकडच्या खोलीत घोरत.

कळ्या कुणीतरी चोरतं, असं गुप्तहेरांनी ठरवून टाकलं. पहिला संशय शेजारणीवर गेला. ती सारखी झाडाकडे बघते, हा पुरावा. तिची खिडकी समोरच आहे, बिचारी बघणार तरी कुठे, असं सहायकाने सुचवून पाहिलं. मग संशय मांजरावर आला. मांजराची बाजू भक्कम निघाली, कारण घरात मांजर नव्हतं. शेवटी गुप्तहेरांनी कुंडीभोवती पीठ पसरलं आणि सकाळी त्यात चपलांचे ठसे उमटलेले सापडले. सहायकाने भिंगातून ठसे पाहिले, मग गुप्तहेरांचे पाय पाहिले.

"भाऊजी, या तुमच्याच चपला आहेत."

"म्हणजे तो माझ्या चपला घालून येतो," गुप्तहेर म्हणाले. "चांगलाच पोहोचलेला दिसतोय."

त्याच दिवशी बंदोबस्त वाढला. आणखी एक दिवा थेट कुंडीवर लागला.

आई आली. फुलांवाचून उभं झाड पाहून ती पानांवरची धूळ हाताने पुसत राहिली, तेव्हा ताईला रडूच फुटलं. आईच्या झोपण्याची सोय कार्यालयातच करावी लागली. दोन्ही दिव्यांचं महत्त्व गुप्तहेरांनी तिला सविस्तर समजावलं. तिने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

हिवाळा सरता सरता झाड कळ्यांनी भरून गेलं. गुप्तहेरांनी सगळ्यांना कार्यालयात जमवलं आणि आपल्या धास्तीने टोळीने कसा गाशा गुंडाळला, ते सांगायला सुरुवात केली. ते रंगात आले असताना ताईने हळूच विचारलं, "आई, तू नक्की केलंस तरी काय?"

"काही नाही गं. झोपताना दिवे मालवायचे. एवढ्या उजेडात डोळा लागतो का कुणाचा? तुझे बाबा तर संध्याकाळ झाली की झाडावर टोपली झाकायचे. रात्रभर अंधार मिळाला तरच ते कळी धरतं, म्हणायचे."

दिवे कोण लावत होतं, हे कोणी विचारलं नाही. ताईने कुंडी आईच्या उशाजवळ सरकवली. सहायकाने भिंग स्वच्छ पुसलं आणि दुकानात परत न्यायला खिशात टाकलं. गुप्तहेरांनी मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "चपला माझ्याच होत्या तर."